पावसाळ्यात घासलेला आरसा

आषाढाचा पाऊस एकदा लागला की आमच्या अकोले तालुक्यात आकाश असून नसल्यासारखं होतं. घाटघर, रतनवाडीकडे तर दिवसचे दिवस डोंगराचा माथा दिसत नाही. आकाशाचे फोटो काढायची आवड असलेल्या माणसाने या चार महिन्यांत काय करायचं? मी काच घासतो.

घराच्या मागच्या पडवीत दोनशे लिटरचं पत्र्याचं पिंप आहे. हलू नये म्हणून निम्म्यापर्यंत वाळू भरलेली. पिंपावर प्लायची जाड फळी, फळीवर तीन खुंट्यांत अडकवलेली २०० मिलिमीटर व्यासाची, म्हणजे आठ इंची काचेची चकती. तिच्यावर चिमूटभर कार्बोरंडमची काळी पूड टाकायची, चार थेंब पाणी सोडायचं आणि तेवढीच दुसरी चकती वर ठेवून ढकलायची. पुढे, मागे, पुढे, मागे. पाच-सहा हात झाले की वरची चकती हातातच थोडी फिरवायची आणि आपण एक पाऊल बाजूला सरकायचं. पिंपाभोवती एक प्रदक्षिणा होईपर्यंत पूड झिजते. हे डोळ्यांना कळत नाही, कानांना कळतं. सुरुवातीला जात्यात बाजरी भरडावी तशी खरखर असते. ती हळूहळू उतरते, मऊ होते आणि शेवटी नुसता ओला चिखल सरकल्याचा आवाज राहतो. तो ऐकू आला की पुसून घ्यायचं आणि नवी चिमूट टाकायची.

या कामातली किमया अशी की वक्रता कोणी कोरत नाही. वरच्या काचेची कड खालच्या काचेच्या बाहेर जाते तेव्हा सगळा भार वरचीच्या मध्यावर आणि खालचीच्या कडेवर येतो. वरची मधोमध झिजते (तिचाच आरसा होतो), खालची कडेने झिजते. दोन पृष्ठभाग कसेही सरकवले, कसेही फिरवले तरी सर्वत्र एकमेकांना टेकून राहायचे असतील तर ते गोलाचे तुकडेच असावे लागतात. म्हणून माणूस जितका अनियमित फिरेल तितका गोलाकार नेमका येतो. माझ्या आरशाचं नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून प्रकाश एकवटतो तिथपर्यंतचं अंतर, १ मीटर हवं होतं. त्यासाठी मध्यावरची खोली हवी अडीच मिलिमीटर. आरशावर सरळ पट्टी आडवी ठेवायची आणि मधोमध अडीच मिलिमीटरच्या ड्रिल बिटचा दांडा सरकवून बघायचा. तो घासून आत गेला की जाड पुडीचं काम संपलं. पुढे १२०, २२०, ३२०, ४००, ६०० अशा बारीक होत जाणाऱ्या पुडी.

श्रावणात उघडीप मिळाली की मी ओला आरसा अंगणात नेतो आणि उन्हाचा कवडसा समोरच्या भिंतीवर पाडतो. पुढे-मागे होत कवडसा लहानात लहान झाला की टेपने अंतर मोजायचं. १ मीटरवर सूर्य हरभऱ्याच्या दाण्याएवढा, नऊ मिलिमीटरचा होतो. काच अजून खरबरीत असल्यामुळे तो अंधुकच दिसतो. पण आपल्या हातांनी घासलेल्या काचेतून भिंतीवर उतरलेला पहिला सूर्य आयुष्यभर लक्षात राहतो.

आरशाच्या दुर्बिणीचा आद्यपुरुष न्यूटन. १६६८ साली त्याने केलेला आरसा जेमतेम सव्वा-दीड इंचाचा होता आणि तो काचेचा नव्हता. तांबं आणि कथील यांचा तो मिश्र धातू. आपल्याकडे याच दोन धातूंपासून कासं होतं, ज्याची वाटी तूप लावून तळपायांना चोळतात. न्यूटनच्या मिश्रणात कथील कितीतरी जास्त होतं, म्हणून ते पांढरट, चकचकीत आणि काचेसारखं ठिसूळ होई. ते काळंही पडे. विल्यम हर्षेलने १३ मार्च १७८१ च्या रात्री युरेनस शोधला तो स्वतः घासलेल्या अशाच सहा इंची आरशातून. एकदा एक आरसा पूर्ण होईपर्यंत सलग सोळा तास त्याने हात उचलला नाही आणि बहीण कॅरोलिन त्याला घास भरवत होती. कॅरोलिनने पुढे स्वतः धूमकेतू शोधले. मला या गोष्टीत तीच अधिक मोठी वाटते. काचेवर चांदीचा मुलामा देण्याची युक्ती १८५७ मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फुकोने वापरात आणली आणि १९३० च्या दशकात निर्वात टाकीत ॲल्युमिनियम चढवण्याची रीत रुळली. आज आपले आरसे याच वाटेने जातात.

आपल्याकडे ही विद्या पुण्याहून आली, असं म्हणायला हरकत नाही. कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे नंतरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभारली. तिथे १८८८ मध्ये २० इंची आरशाची दुर्बीण आली. त्या काळी भारतातली ती सर्वांत मोठी दुर्बीण होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी नेगमवालांनी तळ ठोकला तो जेऊरला. आमच्या जिल्ह्याच्या कर्जत तालुक्याला लागून असलेल्या करमाळा तालुक्यातलं, रेल्वेवरचं हे गाव. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल चाळीस फुटी कॅमेरा घेऊन तिथेच उतरले होते. सूर्याची प्रभा काचेच्या पट्ट्यांवर उतरवण्यासाठी जग या कोरड्या, निरभ्र पट्ट्यात आलं होतं. नेगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि ती दुर्बीण कोडाईकॅनालला गेली. ही विद्या मग हौशी माणसांनी धरून ठेवली. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ मध्ये स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांची ही देशातली सर्वांत जुनी संस्था. पुढे १९८८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली. तिथल्या विज्ञानप्रसाराची धुरा अनेक वर्षं वाहणाऱ्या आणि नंतर मुंबईच्या नेहरू तारांगणाचे संचालक झालेल्या अरविंद परांजपे यांनी आरसे घासण्याच्या कार्यशाळा घेतल्या. शाळकरी मुलं, शिक्षक, कारकून, गृहिणी अशा कुणीही यावं, काच घासावी आणि आपली दुर्बीण घरी न्यावी. त्या कार्यशाळांतून शिकलेल्यांनी गावोगाव दुसऱ्यांना शिकवलं. माझा पहिला सहा इंची आरसा अशाच परंपरेतला आहे. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले, त्या संध्याकाळी मी तो आरसा कपाटातून काढून नुसता हातात धरून बसलो होतो.

आता माझ्या चुकीविषयी. आठ इंची आरसा ४०० च्या पुडीपर्यंत आला होता. त्या दिवशी घाईत मी ॲप्रन बदलला नाही. जाड पुडीच्या वेळचा एक कण कुठेतरी शिवणीत बसला होता, तो पडला. आवाज झाला तो एकच, पाटीवर नख ओढल्यासारखा. काच उचलून बघितली तर मध्यापासून कडेपर्यंत पांढरी रेघ. अशी खरड नंतरच्या पुडीने जात नाही. मागे जावं लागतं. मी २२० पर्यंत मागे गेलो आणि अकरा तासांचं काम पुन्हा केलं. तेव्हापासून पूड बदलताना पडवी धुतो, पिंप धुतो, नखं कापतो, कपडे बदलतो. घरातली माणसं त्याला माझं सोवळं म्हणतात. शब्द अगदी बरोबर आहे.

घासणं संपलं की चकाकी आणायची. इथे पूड नाही, राळेचा पाट. राळ वितळवून खालच्या चकतीवर ओतायची, ऊन असतानाच आरशाने दाबून त्याचा आकार घ्यायचा, चौकटी पाडायच्या आणि सेरियम ऑक्साइडच्या गुलाबी-तांबूस पाण्याने हळूहळू चोळायचं. राळ म्हणजे घट्ट दिसणारा पण वाहणारा पदार्थ. उन्हाळ्यात ती बसकण मारते, थंडीत टणक होऊन काच ओरखडते. पावसाळ्यात दिवसा-रात्रीच्या तापमानात फरक थोडा, म्हणून राळ शहाण्यासारखी वागते. अंगठ्याच्या नखाने दाबलं की हलका वण उमटावा, एवढी मऊ हवी.

मग फुकोची चाचणी. अंधाऱ्या खोलीत आरसा उभा करायचा, त्याच्या वक्रताकेंद्राशी, म्हणजे २ मीटरवर, बारीक फटीतून दिवा लावायचा आणि परत येणारा प्रकाश दाढीच्या पात्याने हळूच कापत डोळा लावायचा. आरसा चंद्रासारखा उजळलेला दिसतो. त्यावर उंचसखल जे काही असेल ते डोंगरदऱ्यांच्या सावल्यांसारखं उमटतं. पहिल्यांदा ही चाचणी दाखवताना मी प्रत्येकाला एक गोष्ट करायला लावतो. आरशावर दहा-पंधरा सेकंद अंगठा टेकव आणि मग पात्याशी ये. अंगठा होता तिथे टेकाड उभं राहिलेलं दिसतं. बोटाच्या उबेने काच फुगलेली असते, आणि ती फूग बघता बघता मावळते. मिलिमीटरच्या लाखाव्या भागांत मोजायचे फरक, डोळ्यांसमोर, एक पातं आणि एक दिवा एवढ्यावर. चांगल्या आरशाचा पृष्ठभाग हव्या त्या आकारापासून मिलिमीटरच्या सुमारे सात लाखांशांपेक्षा जास्त ढळता कामा नये. आणि हे काम पिंपाभोवती फिरणारी माणसाचे दोन हात करतात.

गोल आकार पुरेसा नसतो. सहा इंची, लांब नाभीचा आरसा गोल राहिला तरी चालून जातो. आठ इंच व्यास आणि १ मीटर नाभी असेल तर तो अन्वस्ताकारच (पॅराबोलिक) हवा. मध्य जुळवून गोल आणि अन्वस्त एकमेकांवर ठेवले तर कडेला फरक पडतो दीड मायक्रॉनचा, केसाच्या जाडीच्या जवळपास पंचेचाळिसाव्या भागाएवढा. चाचणीत दिवा स्थिर ठेवून पातं सरकवलं तर मध्य आणि कड यांच्या केंद्रांत ५ मिलिमीटरचं अंतर दिसायला हवं. त्या पाच मिलिमीटरसाठी माझा सबंध भाद्रपद गेला. दहा मिनिटं चोळायचं, दोन तास काच निवू द्यायची, मग बघायचं.

कोणी विचारतं, एवढं करून पैसे वाचतात का? नाही वाचत. तयार दुर्बीण आज घरपोच येते आणि हिशेब मांडला तर बहुधा स्वस्तच पडते. पण फोटोसाठी दुर्बीण करायची म्हणजे प्रत्येक भाग कुठे आणि का आहे हे माहीत असावं लागतं, आणि ते स्वतः बांधल्याशिवाय अंगी मुरत नाही, असं माझं ठाम मत आहे. डोळ्याने बघायची न्यूटनी दुर्बीण तशीच कॅमेऱ्याला जोडली तर चित्र स्पष्टच होत नाही, कारण डीएसएलआर कॅमेऱ्याचा सेन्सर त्याच्या तोंडापासून सुमारे ४४ ते ४६ मिलिमीटर आत असतो आणि प्रकाश तिथे पोचायच्या आधीच एकवटून जातो. म्हणून मुख्य आरसा नळीत वर सरकवायचा, म्हणजे नाभी बाहेर येते. मग प्रकाश बाजूला वळवणारा तिरपा आरसा मोठा घ्यावा लागतो, नाहीतर चित्राचे कोपरे काळवंडतात. नाभी आखूड हवी, कारण नाभी-व्यासाचं प्रमाण आठाऐवजी पाच असेल तर तेवढाच प्रकाश अडीचपट लवकर साठतो, आणि लांब नळी वाऱ्यात शिडासारखी डोलते. पण प्रमाण पाच झालं की कडेच्या ताऱ्यांना धूमकेतूसारखी शेपटी फुटते, म्हणजे कॅमेऱ्यापुढे दुरुस्तीची भिंगं आली. आरसा धरणाऱ्या पकडी जरा जास्त आवळल्या तर तारे तिकोनी येतात. पकड आणि काच यांच्यामध्ये जाड कागद जाईल एवढी फट हवी. तिरपा आरसा चार पात्यांवर टांगलेला असतो, म्हणून फोटोतल्या ठळक ताऱ्यांना चार किरणं फुटतात. तीन पाती लावली तर सहा फुटतात. आकाशकंदिलाच्या चांदणीकडे बघताना मला आता पहिल्यांदा हेच आठवतं.

तरीही फोटोच्या दुर्बिणीचा जीव नळीत नाही, तिच्या बैठकीत आहे. पृथ्वी फिरते म्हणून आकाश सेकंदाला १५ विकला सरकतं. माझ्या कॅमेऱ्यात एका सेकंदात तारा एकोणीसेक पिक्सेल पुढे जातो. तो जागच्या जागी राहायचा तर दुर्बीण पृथ्वीच्या उलट दिशेने, तिच्याच वेगाने फिरली पाहिजे. त्यासाठी लागणारा फिरता आस मी संगमनेरच्या एका लेथवाल्या मिस्त्रींकडून करून घेतला. ट्रॅक्टरचे सुटे भाग करण्यात त्यांचा हातखंडा. चित्र बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “आरपीएम किती?”

“२३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत एक फेरा.”

मिस्त्री थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “सर, जोरात फिरणारं कोणीही करून देईल. इतकं हळू फिरणारं अडकत अडकत जातं. यात तसूभर प्ले ठेवून चालणार नाही.” त्यांनी टेपर रोलर बेअरिंग सुचवलं, दोन्ही टोकांना, ताण बसवता येईल असं. १४४ दात्यांच्या चाकाला वर्म (आटे पाडलेला दांडा) जोडला. वर्मचा एक फेरा जवळजवळ दहा मिनिटांत होतो, आणि वर्ममध्ये किंचित जरी वाकडेपण असेल तर तारा दर दहा मिनिटांनी डावीउजवीकडे झुलतो. पहिला वर्म झुलला. मिस्त्रींनी न सांगता दुसरा कापला आणि पैसे वाढवले नाहीत.

एवढा खर्च ज्यांना नको त्यांनी दोन फळ्या आणि बिजागरी यांवर भागवावं. १ मिलिमीटर आट्याचा बोल्ट बिजागरीपासून २२८ मिलिमीटरवर बसवून मिनिटाला एक फेरा दिला की वरची फळी आकाशाच्या वेगाने उघडते. साध्या लेन्सने आकाशगंगेचे फोटो त्यावर उत्तम येतात. मी शाळांतल्या मुलांना आधी हेच करायला सांगतो.

आमचा जिल्हा, पूर्वीचा अहमदनगर, आता अहिल्यानगर, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. पश्चिमेचा अकोले तालुका पाऊस घेतो आणि पुढच्या पारनेर, नगर, कर्जत, जामखेड पट्ट्याला पर्जन्यछाया देतो. त्या छायेने पिढ्यान्‌पिढ्या माणसं स्थलांतराला लावली. तिचे हाल मी पाहिले आहेत, म्हणून कोरड्या आकाशाचं कौतुक करताना जीभ अडखळते. पण जे आहे ते आहे: दिवाळीपासून होळीपर्यंत पारनेरच्या पठारावर रात्रीमागून रात्री निरभ्र मिळतात आणि दवही कमी. भंडारदऱ्याला अंधार अधिक गडद, पण दव इतकं पडतं की तिरप्या आरशामागे हीटरची तार गुंडाळावी लागते. आयुकाची २ मीटर आरशाची दुर्बीणही आमच्या सीमेपासून फार लांब नाही. ती आंबेगाव तालुक्यातल्या गिरवलीच्या डोंगरावर आहे, २००६ पासून.

अकोले हे अगस्तींचं गाव. प्रवरेकाठी त्यांचा आश्रम आहे, साखर कारखान्यालाही त्यांचंच नाव. अगस्तीचा तारा उगवला की पावसाळ्यातलं गढूळ पाणी निवळतं, असं जुनी माणसं सांगत. आमच्या कामाचं पंचांगही तेच आहे. अगस्ती पहाटे दिसू लागला की आरसा पेटीतून निघतो. इथून तो दक्षिणेला जास्तीत जास्त १८ अंश चढतो. उत्तरेला ध्रुव साडेएकोणीस अंशांवर, हात लांब करून धरलेल्या दोन मुठींएवढा. दुर्बिणीचा आस त्याच्या रोखाने लावतात. पण ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून चंद्रबिंबाच्या रुंदीपेक्षाही जास्त दूर आहे, म्हणून नुसता तारा साधून भागत नाही. आणि इतक्या खाली क्षितिजाची धूळ, डोंगराची कड, गावातला हायमास्ट, सगळं आड येतं.

हायमास्टचा विषय निघालाच आहे तर सांगतो. चौकात एकच दिवा हवा असतो, आणि त्याचा उजेड खाली हवा. जो उजेड आकाशात जातो तो कोणाच्याच उपयोगाचा नाही. भंडारदऱ्याच्या परिसरात वळवाच्या सुमारास झाडंच्या झाडं काजव्यांनी लखलखतात. ते बघायला येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांनी आणि बॅटऱ्यांनी त्याच काजव्यांचा संसार मोडतो. पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. तिथे आजूबाजूच्या गावांतले दिवे झाकून खाली वळवले गेले. आमचं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य सुमारे ३६२ चौरस किलोमीटरचं आहे. इथेही हे व्हायला हवं, आणि लवकर व्हायला हवं.

लक्ष्मीपूजनाची रात्र म्हणजे अमावास्या. गेल्या वर्षी फटाक्यांचा धूर खाली बसायला एक वाजला. तोवर मृग चांगला वर आला होता. दुर्बीण संध्याकाळीच बाहेर काढून ठेवली होती, कारण दिवसभर तापलेली काच निवल्याशिवाय तारे उकळत्या पाण्यासारखे थरथरतात. मृगातला तेजोमेघ चौकटीत घेतला. तीस-तीस सेकंदांचे दोनशे फोटो आणि मधल्या झगझगीत भागासाठी पाच-पाच सेकंदांचे वेगळे. शंभर फोटो एकमेकांवर रचून सरासरी काढली की दाणेदारपणा दहापट कमी होतो. जे खरं आहे तेवढं उरतं. पहिल्याच फोटोत स्क्रीनवर पंखासारखा उघडलेला तांबूस ढग आला. तेराशेहून जास्त वर्षांपूर्वी तिथून निघालेला उजेड पडवीत घासलेल्या काचेवर पडून वळला होता.

मिस्त्री पहाटे साडेचारला आले. दिवाळीत एकदा बघायला या म्हटलं होतं, ते संगमनेरहून मोटरसायकलवर आले. स्वेटर, कानटोपी. मी त्यांना फोटो दाखवला. त्यांनी तो नीट पाहिला, मान डोलावली आणि वाकून बैठकीकडे वळले.

“चालू आहे का हे?”

“चालू आहे.”

“दिसत तर नाही.”

“सहा तासांत पाव फेरा, मामा. तुम्ही गाढ झोपेत असाल, त्या एक वाजल्यापासून एवढं.” मी बोटांनी कोन करून दाखवला.

त्यांनी आसाला हात लावला नाही. गुडघ्यावर बसून बेअरिंगशी कान नेला आणि बराच वेळ तसेच राहिले. दक्षिणेला डोंगरावर अगस्ती होता. प्रवरेवरून धुकं वर यायला लागलं होतं, म्हणून मी कॅमेरा बंद करायला हात पुढे केला. मिस्त्रींनी मान न उचलता हातानेच खूण केली, अजून थोडं थांबा.